रुकमाला विकलेला चिंधा

भिकुबाईंच्या मुलाची शंभरावर पत्रं माझ्या कपाटात आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सगळी मी वाचून दाखवली आणि बहुतेकांची उत्तरंही मीच लिहिली. एकाही पत्रात तो त्यांना आई म्हणत नाही. ‘ती. वहिनीस शिरसाष्टांग नमस्कार’ अशी सुरुवात आणि ‘आपला चिंधा’ असा शेवट. अमेरिकेतून येणाऱ्या त्या निळ्या पत्रांच्या घड्यांवर आता उंदराच्या दातांच्या खुणा आहेत. उंदरांपासून वाचवण्यासाठीच ती माझ्याकडे आली. पुढे कधी ती पुरावा म्हणून वकिलासमोर मांडावी लागतील असं तेव्हा मनातही नव्हतं.

भिकुबाई जळगावजवळ पिंप्राळ्यात आमच्या मागच्या खोलीत राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मूळच्या सावद्याजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा, तोताराम भंगाळे, केळीच्या बागेत पाणी धरताना साप चावून गेला. त्यानंतर वर्षभर त्यांनी दिराच्या घरात काढलं. घरात कोणी वाईट वागत नव्हतं, पण त्या बसल्या की सुना उठून जायच्या, एवढं मात्र होतं. चिंधाने तिकडून मित्रामार्फत ही खोली बघून दिली. तात्पुरती सोय, एकदोन वर्षांत तिकडेच नेतो, असं त्याने लिहिलं होतं. ते पंच्याऐंशी साल होतं.

तेव्हापासून मावशींच्या पत्र्याच्या पेटीवर एक रेक्झिनची बॅग ठेवलेली आहे. तिच्यात दोन नऊवारी, एक स्वेटर, हळदीची पुरचुंडी आणि उडदाचे पापड. पापड दर उन्हाळ्यात बदलतात. जुने आमच्याकडे तळले जातात आणि नवे बॅगेत जातात. माझा विनय लहानपणी म्हणायचा, “आजी अमेरिकेला गेली नाही म्हणून आपल्याला पापड मिळतात.” मावशी हसायच्या. विनय आता इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्यालाही तिकडेच जायचंय. तो असा विनोद आता करत नाही.

नव्वद साली चिंधा तिकडचा नागरिक झाला. नागरिक झालेल्या मुलाला आईला कायमचं बोलावून घेता येतं आणि त्यासाठी रांगेत वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही, असं त्याने कळवलं. सोबत फॉर्म पाठवला आणि लिहिलं, ‘माझा जन्मदाखला तेवढा काढून पाठवा. बाकी सर्व मी करतो.’

ते पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा मावशी मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कशाचा दाखला?”

“जन्माचा. त्यात आईबापाचं नाव असतं ना, ते पाहिजे.”

“दुसरा कशाचा चालनार नही का? शायेचा?”

“शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव नसतं, मावशी.”

त्या मेथीची काडी आणि पानं एकाच टोपलीत टाकत बसल्या. मला वाटलं, तालुक्याला हेलपाटे घालावे लागतील याची त्यांना चिंता पडली असेल. ती काळजी माझी होती, त्यांची नव्हती, हे मला नंतर कळलं.

रावेरहून उतारा आणवला. कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतली, सन पंचावन्नची नोंद होती. ती वाचून मी मावशींना घेऊन तशीच गिरधर वकिलांकडे गेले. गिरधरभाऊ जळगावच्या कोर्टात वाटणीचे आणि बांधाचे दावे चालवतात. पण गेल्या काही वर्षांत ज्यांची मुलं परदेशात गेली आहेत असे आईबाप त्यांच्याकडे यायला लागले. मग त्यांनी मुंबईहून एक जाड पुस्तक मागवलं आणि हे कामही शिकून घेतलं. टायपिस्टच्या मागे खुर्ची टाकून ते बसतात आणि चहा सांगितल्याशिवाय कागद उघडत नाहीत.

त्यांनी उतारा वाचला, चष्मा काढला, परत घातला.

“ताई, हा भलत्याच पोराचा दाखला आणलाय तुम्ही. आई रुकमा, बाप आधार. जात वेगळी.”

“तारीख तीच आहे. आणि त्या महिन्यात गावात दुसरा मुलगा जन्मलेलाच नाही. मी विचारून घेतलंय.”

मावशी शेजारी बसल्या होत्या. गिरधरभाऊ त्यांच्याकडे वळले. “अक्का, रुकमा कोण?”

“सुईन,” मावशी म्हणाल्या.

“मग तिचं नाव इथं कसं?”

“तिचाच हाये तो.”

टायपिस्टचा टाइपरायटर थांबला. गिरधरभाऊ नोटीस वाचून दाखवावी तशा आवाजात म्हणाले, “अक्का, मी तुमचा वकील आहे. माझ्यापाशी खरं सांगायचं. मुलगा तुम्ही जन्माला घातला की नाही?”

मावशींनी मान खाली घातली. तोंडाने हो म्हणाल्या नाहीत. शेवटी पदर थोडा बाजूला करून आपल्या पोटाकडे बोट दाखवलं आणि परत झाकून घेतलं.

पुढची हकीकत त्यांनी मला घरी सांगितली, तीही तुटक तुटक. दोन दिवस लागले.

चिंधाच्या आधी त्यांना तीन मुलं झाली होती. पहिलं अकराव्या दिवशी गेलं, दुसरं सव्वा महिन्याचं होऊन, तिसऱ्याला तर दात आले होते. चौथ्या वेळेला सासूने ठरवलं की हे मूल आपलं म्हणून ठेवायचंच नाही. मूल जन्मल्यावर त्याला अंघोळ न घालता चिंध्यांत गुंडाळलं, सुपात घातलं आणि सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं. रुकमा सुईण मागच्या दाराने बाहेर जाऊन पुढच्या दाराने परत आली, जणू रस्त्याने चाललेली कोणी परकी बाई आहे. तिने विचारलं, काय विकता. सासू म्हणाली, चिंध्या. तिने पाच मुठी ज्वारी दिली आणि सूप ओढून घेतलं. मूल तिचं झालं. मग तिनेच ते मावशींना सांभाळायला दिलं, जनावर अर्धलीने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला पाळायला द्यावं तसं.

ही चाल आमच्याकडे जुनीच आहे. चिंधा, सुपडू, उखर्डू ही नावं त्यातूनच आलेली. भिकुबाईंचं स्वतःचं नावही तसंच, त्यांच्या आईने त्यांच्यासाठी पाच घरी भीक मागितली होती. आपण जगलो ते त्या भिकेमुळे, हे मावशींना जसं आपलं नाव माहीत आहे तसं माहीत आहे. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण इतर घरी पाचवीला किंवा बारशाला मूल परत विकत घेतात. मावशींच्या सासूला तेवढा धीर नव्हता. ती म्हणाली, लग्नात घेऊ. लग्नात नवरदेवाला उंबऱ्यावर उभं करायचं, विकत घेणारीला साडीचोळी द्यायची, आणि मग तो परत आपला. तोवर मावशींनी त्याला आपला म्हणायचं नाही आणि त्याने त्यांना आई म्हणायचं नाही. म्हणून ‘वहिनी’. मांडीवर घेऊन फोटो काढायचा नाही. पोलीस पाटील नोंदीला आला तेव्हा सासूने त्यालाही हेच सांगितलं. पाटील गावचाच. त्याला सगळं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने रुकमाचं नाव घातलं. सरकारच्या वहीत खरं लिहिलं तर वही वाचणारे कोण कोण असतील, काय सांगावं.

मुलगा जगला. शिकला, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात गेला, तिथून शिष्यवृत्तीवर परदेशी. लग्न त्याने तिकडेच केलं, रजिस्टर पद्धतीने, नाशिकच्या एका नर्सशी. उंबऱ्यावर उभं राहणं राहूनच गेलं.

“म्हणजे अजून तो विकलेलाच आहे?” मी विचारलं.

“हो ना. म्हनून तर जिता हाये.”

हे सगळं मी गिरधरभाऊंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिले. म्हणाले, “ताई, काय गंमत बघा. कोणी खोटी आई उभी करतो, त्याचे कागद पाडायला मी शिकलोय. इथं खऱ्या आईने पस्तीस-छत्तीस वर्षं आपल्याविरुद्ध पुरावा जमवलाय. दाखला विरुद्ध, पत्रं विरुद्ध, फोटो नाही. मी उद्या समोरच्या बाजूचा वकील असतो तर एका तारखेत जिंकलो असतो.”

“मग करायचं काय?”

“जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र चालतं, असं पुस्तकात आहे. रुकमाबाई जिवंत आहे का?”

रुकमाबाई जिवंत होत्या. मुलगा एसटीत लागल्यावर त्याच्यासोबत माहेरच्या मुलखात, धुळ्याला, राहायला गेल्या होत्या. चिंधा कॉलेजात असताना दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचा.

मावशी धुळ्याला यायला तयार झाल्या, कारण गिरधरभाऊंनी त्यांना पटवलं की बोलायचं आहे ते रुकमाबाईंनी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. शिवाय त्यांच्या मनात दुसरंही काही होतं. निघताना त्यांनी पिशवीत नवी हिरवी साडी, खण आणि ज्वारीची पुरचुंडी घेतली.

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर. रुकमाबाई खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

“कोन शे?”

“मी भिकी.”

“ये ना वं, बस. मना चिंध्या कसा शे?”

‘मना’ म्हणजे माझा. मावशींना ते खटकल्याचं काही दिसलं नाही. त्यांनी सून, नात, सगळ्यांची हकीकत सांगितली. मग साडी रुकमाबाईंच्या मांडीवर ठेवली. रुकमाबाईंनी बोटांनी काठ चाचपला, खणाची घडी चाचपली आणि त्यांच्या लक्षात आलं.

“तू त्याले लेवाले उनी का?” त्याला परत घ्यायला आलीस का, असं त्या विचारत होत्या.

“हो माय. लई वर्सं झाले.”

“पोऱ्या कोठे शे?”

“तो कसा येईल? अमेरिकेत हाये.”

“मंग सौदा कसाना? पोऱ्या उंबरावर उभा पाह्यजे. बिगर पोऱ्याना सौदा व्हत नही.” त्यांनी साडी परत मावशींच्या हातात दिली, अगदी मायेने. “तो ई तवय दे.”

तो येईल तेव्हा दे. तो मात्र येणार नव्हता. नवी नोकरी, लहान मुलगी, रजा नाही, आणि मुख्य म्हणजे आईला तिकडे नेतोच आहोत तर इकडे कशाला यायचं, असा त्याचा हिशोब.

गिरधरभाऊंनी कागद काढला. हे मूल माझ्या पोटचे नाही, ते भिकुबाई तोताराम भंगाळे हिच्या पोटी माझ्या हातून जन्मले, असा मजकूर त्यांनी वाचून दाखवला. रुकमाबाई म्हणाल्या, त्यात मी त्याला ज्वारी देऊन विकत घेतला हेही लिहा.

“आजी, तसं लिहिलं तर अमेरिका तुम्हाला पोरं विकत घेणारी म्हणून धरून नेईल.”

“नेऊ दे ना. चिंध्यानी भेट व्हई,” रुकमाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. मावशीसुद्धा. मग रुकमाबाईंनी अंगठा पुढे केला. “कागदवर सोडा त्याले. मी सोडेल नही.”

आम्ही कोर्टात जाऊन शिक्का मारून घेतला. गिरधरभाऊ खुशीत होते. मी पण. परतीच्या एसटीत मावशी खिडकीशी बसल्या होत्या. एरंडोलच्या आसपास त्या म्हणाल्या, “सुनंदा, कागदावर तिनं सोडला. मी तर घेतला नही. मंग आता तो कोनाचा?”

मी म्हटलं, “तुमचाच. कोणाचा असणार?”

त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर सहा आठवडे चिंधाचं पत्र आलं नाही.

एरवीही पत्र कधी उशिरा यायचं. पण मावशींनी जेवण एकवेळचं केलं. सकाळी पोस्टमन येण्याच्या वेळेला त्या फाटकापाशी उभ्या राहायच्या आणि पोस्टमन, पुना त्याचं नाव, लांबूनच हाताने नाही म्हणायचा. मी त्यांना समजावत होते, टपालाचं असं होतं, त्यांची धावपळ असेल. पण खरं सांगायचं तर चौथ्या आठवड्यानंतर मीही पुनाची वाट बघायला लागले होते. मी बी. ए. झालेली बाई. तरी विनयचे मार्क शेजारणीला सांगताना दहा कमीच सांगते. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

अशात, चिंधाने आधीच टाकलेल्या अर्जावरून, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून मुलाखतीची तारीख आली.

मी सोबत गेले. आत फक्त मावशींनाच सोडलं. बाहेर फुटपाथवर माझ्यासारखेच कितीतरी लोक फायली छातीशी धरून उभे होते. दोन तासांनी मावशी बाहेर आल्या. हातात एक छापील चिठ्ठी. चेहऱ्यावरून काही कळेना, उलट बऱ्याच दिवसांनी त्या शांत वाटत होत्या. दादर स्टेशनवर बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, “काय झालं?”

“साहेब चांगला व्हता बिचारा. मराठी सांगनारी एक बाई व्हती त्याच्यासंगं. आधी हात वर करायले लावला, खरं सांगीन म्हनून.”

“मग?”

“मंग चिंध्याचा फोटो दाखवला. समोरचे केस गेले वं त्याचे. साहेबानं इचारलं, हा तुमचा मुलगा का?”

“आणि?”

“मी सांगितलं, नही. रुकमाचा हाये.”

माझ्या हातातली भाकरीची पुडी तशीच राहिली. मी त्यांना काय काय बोलले ते लिहायला नको. दोन वर्षांचे हेलपाटे, गिरधरभाऊंची मेहनत, त्या आंधळ्या म्हातारीचा अंगठा. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “खोटं कुठी बोलली? विकेल तो तिचाच. तिनं कागदावर सोडला, मी घेतला नही, सहा हप्ते पोरगं कोनाचंच नव्हतं. म्या त्याले परत तिच्या वटीत टाकलं. तुह्या पोराचं असतं तर तू काय केलं असतं?”

गाडी आली, तशी मी पुडी पिशवीत टाकून उठले.

घरी आलो तर दारात पत्र पडलं होतं. चिंधाने घर बदललं होतं, सामान हलवण्यात लिहायचं राहिलं, सगळे खुशाल. मी तारीख बघितली. मुंबईच्या मुलाखतीच्या बऱ्याच आधी त्याने ते टाकलं होतं. मी ते मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पोहोचलं तर आजच ना?”

गिरधरभाऊंनी चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदाच चहा न सांगता बोलले. “अक्का, माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत अशील उलटलेलं पाहिलंय, पण स्वतःच्या बाळंतपणावर उलटलेलं नाही पाहिलं.” मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मग गिरधरभाऊंनी समजावलं की प्रकरण बंद झालेलं नाही. नातं सिद्ध होत नाही एवढंच त्यात म्हटलंय. आता एकच वाट उरली होती. रक्त. मुलाने तिकडे द्यायचं, मावशींनी मुंबईला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे द्यायचं, आणि दोन्ही तिकडे प्रयोगशाळेत ताडून बघायचं.

मला वाटलं, या साफ नाही म्हणतील. उठून बॅगेतले पापड मला आणून देतील आणि विषय संपेल.

मावशींनी विचारलं, “मले काही सांगावं लागंन का तथी?”

“नाही. फक्त हात पुढे करायचा.”

“डाक्तर इचारनार नही, पोरगा कोनाचा?”

“नाही.”

“रुकमाले काही सोडावं लागनार नही?”

“तिचा काही संबंधच नाही.”

त्या थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिल्या. बांगड्या नसलेला, केळीच्या चिकाने काळे डाग पडलेला तो हात. “मंग घ्या,” त्या म्हणाल्या. “रक्ताले तोंड नही. त्यानं काही सांगितलं तर ते माह्यावर नही.”

आम्ही परत मुंबईला गेलो. नर्सला शीर सापडेना, तीन ठिकाणी टोचलं. मावशी हूं की चूं करेनात. ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, काही निसटून जाईल अशा. नळीत रक्त आलं तसं त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

याला आता नऊ आठवडे होत आले. उत्तर नाही. चिंधाने कळवलंय की त्यानेही दिलं, वाट बघतोय. पुढे समजा जुळलं तरी परत मुलाखत आहे, परत हात वर करायचा आहे, आणि साहेबाने परत तोच फोटो समोर धरला तर? गिरधरभाऊ म्हणतात, रिपोर्ट आल्यावर विचारणार नाहीत. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रुकमाबाईंना धुळ्यात दवाखान्यात ठेवलंय असं कानावर आलं. ते मी मावशींना अजून सांगितलेलं नाही. रुकमाबाई गेल्या तर चिंधाला परत विकत कोणाकडून घ्यायचा, हे त्या विचारतील.

आज संध्याकाळी त्या वही-पेन घेऊन माझ्याकडे आल्या. पत्र लिहायचं होतं. खुशाली झाली, पापड बदलल्याचं झालं, नातीला आशीर्वाद झाले. रक्ताचं काय लिहू, मी विचारलं.

“लिही, दिलं.”

“आणखी काही?”

“लिही, रक्तानं तथी काय सांगितलं ते वहिनीले माहीत नही.”

मी तसंच लिहिलं. सगळे झोपलेत, घडी घालून पाकीट करते आहे. सकाळी पुना येईल तेव्हा त्याच्याच हाती द्यायचं आहे.